भावाला पाणी कुणी पाजलं

माझा धाकटा भाऊ खासगी विमानाचा पायलट होता. मालकाला न्यायला तो एकटाच विमान घेऊन संभाजीनगरकडे येत होता. उतरताना ढगात डोंगर दिसला नाही आणि विमान सिल्लोडच्या पुढे डोंगरावर आदळलं. तेव्हापासून आईचा एकच प्रश्न, "मरताना त्याला पाणी कुणी पाजलं?" देवाने एवढंही केलं नाही म्हणून मी पूजा बंद केली. आईने तर जेवणच जवळजवळ सोडलं. मी नर्स आहे. न जेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं काय होतं ते मला ठाऊक. शेवटी ठरवलं, कुणीतरी पाजलं असं सरळ खोटं सांगायचं. पण आई खोदून खोदून विचारणार, म्हणून आधी ती जागा बघून यावी म्हटलं.

डोंगराच्या पायथ्याशी शेळ्या राखणारी एक बाई भेटली. "चपला बघा माय त्या! डोंगर चढाया आलात का लग्नाला?" म्हणाली आणि काठीचं टोक माझ्या हातात देऊन वर घेऊन गेली. काळ्या पडलेल्या दगडांपाशी पोचल्यावर मी सांगितलं, विमान चालवणारा माझा भाऊ. ती माझ्याकडे वळली.

"मीच पाजलं त्याला पाणी. भाईर फेकला गेलता. माझ्या बाटलीतनं दोन घोट घेतले, अजून द्या म्हनला, अन् गेला. मागून लोक म्हनले, जखमी मानसाला पाणी देऊ नाय. माझ्या पाण्यानं मेला का वो त्यो?"

मी अजून काही विचारलंच नव्हतं.

शवविच्छेदनाचा अहवाल मी वाचला होता. "नाही मावशी," मी म्हणाले, "तो कशानेच वाचला नसता. तुमचं पाणी मिळालं, तेवढंच त्याला सुख." ती बराच वेळ रडली. पोलिसांना का नाही सांगितलंत, विचारलं तर म्हणाली, "त्यांनी आवाज कवा झाला ते इचारलं. पाण्याचं कोन इचारतंय?"

संभाजीनगरला छावणी भागातल्या घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. "अजून मागितलं त्यानं?" तिने दोनदा विचारलं. मग डोळे पुसून म्हणाली, "त्या बाईला चांगलं लुगडं घेऊन जा. अन् मला थोडा भात टाक, मऊ."

भावाची उणीव आहे तशीच आहे. पण मी खोटं रचायला गेले आणि न मागता खरं पदरात पडलं. आता सकाळी दिवा लावते, हात जोडते, मागत काही नाही. आपला हात पोचत नाही तिथे देव कुणाचा तरी पोचवतो, एवढ्यावर मन निवांत आहे.