मढच्या बोटीवरचं स्टिअरिंग

आमच्या मालाडच्या बिल्डिंगचा पुनर्विकास ठरला आणि सोसायटीने सांगून टाकलं, एप्रिलअखेर घरं रिकामी करा, बंद गाड्या हलवा. बंद गाडी एकच होती, आमची फियाट. सेक्रेटरी बाबांना म्हणाले, "काका, भंगारवाला येऊन उचलेल ना. कशाला डोक्याला ताप?"

बाबा ऐंशीच्या पुढचे. ते म्हणाले, "ती चालत आत आली, चालतच बाहेर जाईल. गेटपर्यंत मी आणणार."

मला उगीचच चेव आला. उगीचच म्हणते, कारण या गाडीवरून आमचं जुनं भांडण. बाबांनी मला ड्रायव्हिंग हिच्यावरच शिकवलं, पण कंपाउंडात. गेटबाहेर कधी दिली नाही. मी नोकरीला लागले, स्वतःची गाडी घेतली, तरी नाही. "हिचं स्टिअरिंग वेगळं आहे," एवढंच कारण. मला त्याचा राग होता. पण जिच्यासाठी इतकी वर्षं भांडले ती भंगारात जाऊ द्यायची? जमणार नाही.

कामाला लागले. हिचे सुटे भाग बनणं कधीच बंद झालंय. कार्ब्युरेटर, ब्रेकचे रबर, सायलेन्सर, सगळं कुर्ल्याच्या भंगार बाजारात पायपीट करून मिळवलं. जोगेश्वरीचा आमचा मेकॅनिक दर वेळी "मॅडम, छोड दो ना" म्हणायचा आणि मी दर वेळी पिशवीतून काहीतरी काढून त्याच्यापुढे ठेवायचे. शेवटी इंजिन धडधडलं. घोडं अडलं ते स्टिअरिंगपाशी. मूळचं हस्तिदंती रंगाचं स्टिअरिंग उन्हाने तडकून तुकडे होऊन पडलं होतं.

बाजारात मिळालं ते काळं, गुबगुबीत स्टिअरिंग मी बसवून घेतलं. बाबा बसले, हात लावला आणि उतरले. मी चिडले. "आता रंगावरून नखरे?" त्यांनी नुसते हात पुढे केले. संधिवाताने बोटं आकड्यासारखी वाकलेली. ती त्या जाड स्टिअरिंगभोवती मिटतच नव्हती. जुनं बारीक होतं आणि चांगलं मोठं, बोटं अडकवून ओढलं तरी गाडी वळायची. तसलंच शोधायचं, दुसरं चालणार नाही, हे मी तिथेच ठरवलं.

कुर्ल्याला नाही, जोगेश्वरीला नाही. जुन्या टॅक्सीवाल्यांकडेही नाही. सापडलं ते मढला मासळी घ्यायला गेले तेव्हा, किनाऱ्याला लागलेल्या एका बोटीच्या केबिनमध्ये. हस्तिदंती, बारीक, अख्खं. सलवार वर खोचून मी चिखलातून तिथे गेले. बोटीची मालकीण बोंबील निवडत बसली होती. बोट नवरा चालवायचा, व्यवहार हिचा. तिच्या सासऱ्याने म्हणे ते टॅक्सीच्या भंगारातून दांड्यासकट आणून बसवलं होतं. मी सगळी कहाणी सांगितली. तिने नीट ऐकली आणि म्हणाली, "बोट पाण्यान हाय तवर तिचा एक खिलाही काढाचा नाय, बाय. जूनला वर ओढू, तवा ये."

"मावशी, महिनाअखेर आमची गाडी उचलतील हो."

"मंग गाडीला सांग थांबाला."

दातओठ खात परतले. बाबांना सांगितलं, तर ते तिच्याच बाजूचे! "बरोबर बोलली बाई. चालत्या गाडीचा पार्ट काढायचा नसतो."

मग गाडीला थांबवायचंच ठरवलं. बिल्डरच्या माणसाच्या केबिनमध्ये जाऊन बसले. तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊनच गेले. शेवटी कंटाळून त्याने मागची विंग आधी पाडायचं कबूल केलं. आम्ही कांदिवलीला भाड्याच्या घरात गेलो आणि गाडी रिकाम्या बिल्डिंगखाली राहिली. ऑफिसला जाता-येता मी चक्कर मारायचे. खिडक्या-दरवाजे काढून नेणाऱ्यांनी चुकून तिलाही नेलं तर? वॉचमन मला हसायचा. हसू दे.

जून लागला, पावसाळ्यासाठी मासेमारी थांबली, बोटी वर ओढल्या, आणि मावशीचा फोन आला, "ये गो." पैसे तिने घेतले नाहीत. बोटीची जागा रिकामी ठेवायची नाही म्हणून बदल्यात आमचं गुबगुबीत स्टिअरिंग मागितलं. मी ते गाडीतून काढून नेऊन दिलं, तिच्या नवऱ्याने दोन्ही मुठींत धरून बघितलं आणि गडी खूश झाला.

मेकॅनिकने जुनं स्टिअरिंग बसवलं. बाबा आत बसले, बोटं अडकवली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी शेजारी बसले. फियाटची पुढची सीट बाकासारखी सलग, गिअरही स्टिअरिंगपाशी. गाडी निघाली आणि खिडक्या नसलेल्या बिल्डिंगला वळसा घालून हळूहळू गेटपाशी आली. बाबांचे ओठ घट्ट मिटलेले. मला रडू येत होतं आणि ब्रेक वेळेवर दाबतील ना, याची धास्तीही वाटत होती.

गेटातच त्यांनी गाडी थांबवली. मला वाटलं, आता उतरतील आणि पुढे मेकॅनिक नेईल.

"उतर," ते म्हणाले, "आणि या बाजूने ये." मी उतरून वळसा घालेपर्यंत ते सीटवरून सरकत माझ्या जागी जाऊन बसले होते.

मी स्टिअरिंग धरलं. त्याला अजून सुक्या मासळीचा वास होता.

"वेगळं आहे हं हिचं," बाबा म्हणाले.

"माहितीये," मी म्हणाले आणि गाडी गेटबाहेर काढली.