मामीने दुधात शिजवलेल्या नूडल्स

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात, भर पंगतीत, मी मामीची थट्टा केली. ती ताटावरून उठली आणि तडक आपल्या गावी, अल्लीपूरला निघून गेली. चूक माझी होती आणि पहिलीही नव्हती. म्हणून लग्नाची पत्रिका मोबाइलवर न पाठवता मी स्वतःच नागपूरहून बसने निघालो. मामी लग्नाला येईल की नाही, याचीच धास्ती होती.

गोष्ट अशी. मी नऊ वर्षांचा असताना उन्हाळ्यात मामीकडे राहायला गेलो आणि पाकिटातल्या नूडल्ससाठी हट्ट धरला. शेजाऱ्यांकडे एकदाच खाल्ल्या होत्या. मामीने हिंगणघाटहून दोन पाकिटं मागवली आणि शेवयांसारख्या दुधात साखर घालून शिजवल्या. मसाल्याची पुडी वरणासाठी ठेवून दिली. मी थाळी ढकलून दिली. पुढे हीच गोष्ट मी प्रत्येक लग्नकार्यात रंगवून सांगत आलो.

जामच्या चौकात बस थांबली. टपरीवर कागदी कपातल्या नूडल्स मांडल्या होत्या. साठ रुपये.

"एवढे?"

"गरम पान्याचे धरून," टपरीवाली म्हणाली. "त्यापेक्षा तर्री-पोहे घ्या भाऊ. इतक्यात दोघाइचं पोट भरते."

"मी एकटाच आहे."

"मंग दोन पलेटा खा!"

मी पोहेच घेतले. तर्रीने (झणझणीत रश्श्याने) नाका-डोळ्यांतून पाणी काढलं आणि पांढऱ्या शर्टावर लाल ओघळही सोडला.

हिंगणघाटला बस बदलली. पुढे दोन्ही बाजूंना उघडी काळी शेतं आणि बांधांवर पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळक्या झाडांचे) ढीग.

मामी ओसरीवर लसूण सोलत बसली होती.

"काऊन आला बापा? गोष्टी संपल्या का तुया?"

मी पत्रिका पुढे केली. "साखरपुड्यात चुकून बोलून गेलो, मामी."

"चुकून एक डाव होते. तू त दरसाली सांगून राह्यला." तिचे हात थांबले नाहीत. "कसं शिजवाचं ते पाकिटावर लिवलं असन. पन मले कुठं वाचता येत व्हतं? दोन दिवस लोकाच्या वावरात पऱ्हाटी उपटली, तवा ते पाकिटं आले. तुया मामाले बी नाई सांगतलं."

हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"दे ते पत्रिका," ती म्हणाली. "पोरीनं काय केलं मायं? तिच्या लग्नाले येईन मी. अन् शर्टाले पानी लाव, नवरीचा बाप दिसत नाई तू."

माझा जीव भांड्यात पडला. चहा घेतला, मामीच्या पाया पडलो आणि निघालो. बसथांब्यावरून बायकोला फोन केला. "येतेय मामी!"

"माफी मागितलीत ना?"

पाया पडलो होतो, पण तो शब्द काही तोंडातून निघाला नव्हता. समोर बस उभी होती, कंडक्टर हिंगणघाट, हिंगणघाट ओरडत होता. काम तर झालं होतं. बसमध्ये बसलो असतो तरी मामीने काही म्हटलं नसतं. बस जाऊ दिली आणि मागे वळलो.

मामी अजून ओसरीवरच होती. "काय इसरला?"

"मामी, लोक हसले की मला बरं वाटायचं, म्हणून सांगत गेलो. तू मायासाठी काय केलं, ते कधी पाहिलंच नाई. मायं चुकलं. मले माफ कर."