मोडून जुळलेलं हाड

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. घरच्या बाईलेही नाही — ती गेली तरी पोटातच ठेवलं. मी चार बुकं शिकलेला, लिहिताना हात अडतो. पण दुसऱ्याच्या हातानं हे लिहवून घेऊ?

गोंदिया जिल्हा आमच्या जिल्ह्यातून तुटून वेगळा झाला, त्याच्या काही वर्षांनंतरची गोष्ट. साकोलीच्या अलीकडे माझं वावर आहे, त्यात एक उंचवटा. तिथं धान होत नाही; गारगोटीच्या धारदार चिपा मात्र निघत. ती जुन्या काळच्या माणसांची हत्यारं म्हणून कॉलेजातली एक मॅडम खोदकामाले आली. जागा मी दिली अन् रोजीनं कामालेही मीच लागलो. माझंच वावर — मले कोण शिकवणार?

ती म्हणे, ब्रशनं माती काढा. मी पावडं चालवलं. एक हाड फुटलं. ती ओरडली नाही — तेच जास्त लागलं. "काका, उद्यापासून तुम्ही फक्त पाणी भरा." लाखनीकडच्या मजूर बाया खदाखदा हसल्या. "घ्या बाबाजी, पाण्याचा गुंड डोक्यावर!"

मंग त्याच खड्ड्यात माणसाचा सांगाडा निघाला अन् त्याच्या पायापाशी कुत्र्याचा. मॅडमनं सगळ्यांले बोलावून दाखवलं. हजारो वर्षांपूर्वीचे हे लोक शेती करत नव्हते म्हणे, शिकारीवर जगत. कुत्र्याचा मागचा पाय मोडून पुन्हा जुळला होता. लंगडा कुत्रा शिकारीच्या काय कामाचा? तरी कोणीतरी त्याले बसवून खाऊ घातलं, म्हणून तो जगला. म्हणजे पाळलेलाच. सांगताना ती त्या जुळल्या हाडावरून ब्रश फिरवून राहिली होती.

वावर माझं, म्हणून तिनं मलेच विचारलं — इथं अलीकडे कोणी कुत्रा पुरला नाही ना?

नाही म्हणायले काय लागत होतं? आजही डोकं फिरते. काहून 'नाही' म्हटलं नाही मी?

गुंड खाली ठेवला अन् म्हटलं, "तो माझा मोत्या होय. मीच पुरला. हायवेवर ट्रकनं पाय मोडला होता त्याचा."

तिचंच बोलणं मी तिच्यावर फिरवलं. "नक्की ना, काका?" "माझा कुत्रा मी वळखणार नाही काय?"

तुम्ही खड्डा केला असेल तर माती वरखाली झाली, आता इथलं काहीच पुरावा म्हणून धरता येत नाही, म्हणाली. कुत्र्याची हाडं तपासणीले जाणार होती, ती गेलीच नाहीत. काम आटोपलं. निघताना तिनं ती कापडात गुंडाळून माझ्या हाती दिली — "तुमचा आहे ना, नीट पुरा." चिडून नाही, मायेनं.

मी ते गाठोडं तसंच वावराजवळच्या तळ्यात, बोडीत फेकलं.

उन्हाळ्यात बोडी आटली की चिखल उपसतो. काय शोधता, लोक विचारतात. त्यांच्यावरच खेकसतो. हाती चिखलच येते.

मोत्या कधी नव्हताच. मी जन्मात कुत्रा पाळला नाही. ज्यानं पाळला होता, त्याचा कुत्रा मी माझा म्हणून घेतला अन् पाण्यात टाकला.