कुंडीखालचा गालिचा

बेंगळुरात जयनगरमधल्या त्या हॉटेलच्या दारात पितळेची पाटी होती आणि तिच्यावर तीन तारे. त्या पाटीवर विश्वास ठेवून मी एका निरपराध माणसाला चोर ठरवलं. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण ती पाटी डोळ्यांपुढून जात नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी त्या भागातल्या ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी हॉटेलचे मालक फिर्याद घेऊन आले. बरेच दिवस परगावी राहून ते परतले होते. घरच्या साखरपुड्यासाठी वरच्या मजल्यावरचा समारंभाचा हॉल उघडला, तर आत नुसती फरशी. गालिचा, झुंबर, गादीच्या खुर्च्या, सगळं नाहीसं.

पंचनाम्याला गेलो तेव्हा मॅनेजर पायऱ्यांवर उभा होता. टाय, गोड आवाज, अस्खलित इंग्रजी. त्यानं सांगितलं की चाव्या हाउसकीपिंगच्या सुपरवायझरकडे असतात आणि रखवालदारानं त्यालाच टेंपोत सामान भरताना पाहिलं आहे. रखवालदारानं मान डोलावली. हॉलमध्ये पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. मधोमध एक चौकोनी खांब, त्याच्याभोवती फरशीवर गालिच्याचा पुसट ठसा. खांबाच्या मापासकट मी ते पंचनाम्यात लिहून घेतलं. माझा हेड कॉन्स्टेबल चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, "सर, ताऱ्यांच्या हॉटेलातली चोरी. तपासाला आलो तरी सन्मान झाला."

सुपरवायझर चाळिशीचा होता. कित्येक पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या मराठी घरातला, माझ्याच घरासारख्या. बाहेर कन्नड, घरी मराठी. मी त्याला अटक न दाखवता चौकशीसाठी ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. तेव्हा असं सर्रास चालायचं, पण ते कायद्याला धरून नव्हतं.

"सामान कुणाला विकलंस?"

"विकलं नाही, साहेब. मॅनेजरसाहेबांनी सांगितलं म्हणून देवनहळ्ळीच्या रिसॉर्टला पाठवलं. तिथं तारे द्यायची समिती येणार आहे. तपासणी झाली की परत येणार."

मी हसलो. "तारे मिळवायला निघालेलं हॉटेल गालिचा उसना आणतं?"

"आणतात, साहेब. एकमेकांकडून आणतात. स्वयंपाकीसुद्धा आणतात."

मॅनेजरला विचारलं, तर त्याला धक्काच बसल्यासारखा चेहरा त्यानं केला. सुपरवायझरकडे लेखी हुकूम नव्हता. असले निरोप तोंडीच दिले जायचे.

खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्टीत नवी भर घालतो, हे मी नव्या शिपायांना शिकवत असे. हा माणूस प्रत्येक वेळी तेच आणि तेवढंच सांगत होता. मी त्याला निगरगट्टपणा समजलो आणि त्याच्या थोबाडीत मारली. संध्याकाळच्या पेपरचा बातमीदार आला, तेव्हा सुपरवायझरच चोर आहे असं त्याला सांगूनही टाकलं. बातमी छापून आली.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको डबा घेऊन आली. दारावरच्या शिपायाशी कन्नडमध्ये भांडून ती आत शिरली आणि माझ्याशी मराठीत बोलू लागली.

"अण्णा, स्वल्प ऐकून घ्या. आमच्या गल्लीत दुकानदार आजपासून माझ्या हातातली पिशवी बघतो. वीस वर्षं ज्याच्याकडून तांदूळ घेतले, तो. ह्यांना उद्या कोण कामावर ठेवणार?"

"तपास चालू आहे, अक्का."

"कुठं चालू आहे? खुर्चीत? देवनहळ्ळीला बस जाते. मी बाई माणूस, मला ते आत सोडणार नाहीत. तुम्हाला कोण अडवणार?"

हेड कॉन्स्टेबल तिला बाहेर न्यायला उठला. ती जागची हलली नाही.

"त्यांच्या दारावर तीन तारे, तुमच्या खांद्यावर तीन. तारेवाल्यांचं तारेवाल्यांना पटतं. माझ्या नवऱ्याच्या शर्टाला बटणं आहेत नुसती."

ठाण्यात कुणीतरी खुदकन हसलं. मला राग आला, पण मी जीप काढायला सांगितली. ती खोटी आहे हे तिच्या तोंडावर सिद्ध करायचं, एवढ्याच हट्टानं मी निघालो. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की मला शंका आली म्हणून गेलो. ते खरं नाही. मला तिनं पाठवलं.

हद्द वेगळी असल्यानं देवनहळ्ळी ठाण्यात नोंद केली आणि तिथला एक शिपाई सोबत घेतला. द्राक्षांच्या मळ्यांमधून पुढं गेल्यावर तो रिसॉर्ट दिसला. नवा रंग, नवी हिरवळ. आतला दिवाणखाना झकास होता. गालिचा, झुंबर, खुर्च्या. पण असलं सामान कुठंही मिळतं. हे जयनगरचंच कशावरून? तिथल्या माणसानं ठणकावून सांगितलं, "सगळं आमचं आहे, सर. समितीची तारीख पुढं गेली, नाहीतर आतापर्यंत तारे लागले असते."

मी परत वळलो आणि माझी नडगी कशावर तरी आपटली. पितळेची मोठी कुंडी. दिवाणखान्याच्या मधोमध, येण्याजाण्याच्या वाटेतच ठेवलेली. कुंडी भिंतीशी ठेवतात, कोपऱ्यात ठेवतात. ही इथं का?

"सरकवा ती," मी शिपायाला म्हणालो.

"सर, जड आहे," रिसॉर्टचा माणूस घाईनं पुढं आला. तेव्हाच मला कळलं.

कुंडीखाली गालिच्याला चौकोनी भोक होतं. सुबक कापलेलं, कडा दुमडून शिवलेल्या. त्या दिवाणखान्यात एकही खांब नव्हता. माझ्या पंचनाम्यातला खांब डोळ्यांसमोर उभा राहिला. टेप मागवली. माप जुळलं.

मॅनेजरला ठाण्यात बोलावून त्याच बाकावर बसवलं. माप ऐकल्यावर त्याचं इंग्रजी आटलं. रिसॉर्ट त्याच्या मेहुण्याचा होता. तारीख पुढं गेली, तेवढ्यात मालक परतले आणि घाबरून त्यानं सगळं सुपरवायझरवर ढकललं.

"आमच्या तपासणीच्या वेळीही बाहेरून सामान आलं होतं, सर," तो म्हणाला. "समितीला दिसतं तेच खरं. त्यांची काय चूक?"

कुंडीची आणि माझ्या नडगीची हकीकत सांगून सुपरवायझरला मी घरी पाठवलं. जाताना तो फक्त "सरी, साहेब" म्हणाला, कन्नडमधलं 'ठीक आहे'. सामान परत आल्यावर मालकांनी मिटवून घेतलं. गैरसमजातून दिलेली फिर्याद, असा शेरा मारून मी कागद बंद केले. पेपरवाल्याला मात्र बोलावलं नाही. बोलावलं असतं, तर चूक कुणाची हेही सांगावं लागलं असतं. त्या माणसानं चोरी केली नव्हती. हे मी तेव्हाच छापून आणायला हवं होतं. आज लिहितो आहे.

मालकांनी त्याला कामावर परत बोलावलं, पण तो गेला नाही. नवराबायकोनं देवनहळ्ळीच्या किल्ल्याजवळ चार खोल्यांचं लॉज काढलं. तिथं विमानतळ झाल्यावर ते लॉज तीन मजली झालं, असं कानावर येत होतं. जायचा धीर मला गेल्या वर्षी झाला. पहाटेचं विमान होतं, हे निमित्त.

काउंटरवर तीच होती. केस पांढरे, नजर तीच.

"या, अण्णा. तुमची नडगी बरी आहे ना?"

मागून तो आला. मी हात जोडले आणि जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोललो. गिऱ्हाइकं ऐकत होती. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं झालं, इथं येऊन बोललात. आमचा मुलगा आत आहे. त्यालाही ऐकवा." मी मुलाला बोलावून पुन्हा सगळं सांगितलं.

तारे खोटेच असतात असं मी म्हणणार नाही. मनापासून मिळवलेलेही मी पाहिले आहेत. पण तारा सांगतो तो तपासणीच्या दिवसाबद्दल. त्यानंतरचे दिवस आपल्यालाच बघावे लागतात. हॉटेलाचे आणि माणसाचेही.

मी पैसे काढले आणि सहीसाठी वही पुढं ओढली. त्यानं वहीवर हात ठेवला.

"आमच्याकडे आधी खोली बघायची, गादी उचलून बघायची, नळ सोडून बघायचा. मग सही."

"तुमच्यावर विश्वास आहे माझा," मी म्हणालो.

"तो असू द्या, साहेब. बघून घ्या."

मी वर गेलो, गादी उचलली, नळ सोडला. पाणी गरम होतं. खाली येऊन सही केली.