नव्या गाडीतली बाई

खोडदच्या सयाजीतात्यांच्या घरी गाडी घ्यायचं ठरलं दसऱ्याला आणि गाडी दारात आली जानेवारीत. मधले सगळे दिवस तात्यांचा मुलगा सूरज मोबाइलात तोंड खुपसून बसलेला. एका कंपनीनं नव्या सालाच्या मॉडेलला छतभर काच दिलेली, दुसरीनं साध्यातल्या साध्या गाडीलाही सहा एअरबॅगा, तर तिसरीची सीट म्हणे खालून गार वारा सोडायची. डिसेंबरात शोरूमवाला सूट द्यायला तयार होता. पण कागदावर जुनं साल चढलं की गाडी घरात यायच्या आधीच वर्षानं म्हातारी होते, म्हणून तात्याच थांबू म्हणाले.

सूरजनं शेवटी निवडली ती ड्रायव्हरच्या तोंडासमोर कॅमेरा असलेली. डोळा लवला की ओळखते, डुलकी लागली तर गाडीच जागं करते, असं तो जेवताना सगळ्यांना समजावून सांगत होता. पंगतीला बसलेल्या सुभाषचा घास हातातच राहिला.

सुभाष मूळचा तळेघरचा. तरणा होता तेव्हा भाताची खाचरं सोडून खाली आला, तात्यांच्या टोमॅटोच्या पिकअपवर ड्रायव्हर म्हणून बसला आणि पुढं घरच्या गाडीवर. तात्यांची नात श्रेया दवाखान्यातून घरी आली तीही त्याच्याच गाडीतून. सुभाष स्टेअरिंगवर असला की तात्या शेजारी बसून खुशाल घोरायचे.

आणि गणपतीपासून त्याची डावी पापणी दिवस कलला की आपोआप खाली यायला लागली होती. रस्त्यातली एक पांढरी पट्टी दोन दिसायची. सकाळी उठला की सगळं लख्ख. बायकोच्या, वैजयंतीच्या, हे केव्हाच ध्यानात आलेलं. डॉक्टरला दाखवा म्हणून ती मागं लागली, तर त्यानं चष्म्याचा नंबर असेल म्हणून उडवून लावलं. डॉक्टर गाडी बंद कर म्हणाला तर? पन्नाशीला टेकलेल्या माणसानं दुसरं काय धरायचं हातात? मग तो संध्याकाळी मान जरा वाकडी करून, डावा डोळा मिटून गाडी हाकायला शिकला. विचारलं कुणी तर मान आखडलीय म्हणायचा.

नव्या गाडीनं पहिल्याच आठवड्यात त्याला धरलं. सकाळच्या फेरीला गप्प असायची, पण मंचरहून संध्याकाळी परत निघालं की घंटा वाजायची आणि आतली बाई गोड हिंदीत त्याला आराम करायला सांगायची. श्रेया हुबेहूब तिच्यासारखं बोलून दाखवायची. घरभर हसू. तात्या तर शोरूमवाल्यावरच उखडले. सुभाषचा डोळा जन्माचा बारीक, त्या बाईला काय ठाऊक, म्हणाले. सुभाषही हसला.

पुढच्या सोमवारी गाडी भीमाशंकरला नेऊन पूजा करायची ठरली. सकाळी निघू म्हणून सुभाषनं आदल्या दिवशीच दोनदा सांगितलं, तरी घोडेगावात पाहुण्यांकडं जेवण लांबलं. दर्शन, नारळ, फोटो होऊन परत फिरायला उन्हं उतरली. तळेघर मागं पडेपर्यंत पापणी निम्मी खाली आलेली. घंटा झाली. बाई बोलली. पुन्हा घंटा.

"सूरज, बंद कर रं त्या बाईला," तात्या म्हणाले. "सुभाष काय झोपतोय व्हय?"

सूरज मागून पुढं वाकला आणि पडद्यावर बोट फिरवत राहिला. त्याच्या बायकोच्या, हर्षालीच्या, मांडीवर श्रेया पेंगुळलेली. सूरजला बटण सापडलं, घंटा थांबली, आणि गाडीत एकदम शांत झालं. पुढून एक ट्रक येत होता. झोपलेला दिसू नये म्हणून सुभाषनं दोन्ही डोळे ताणून धरलेले, त्याला दोन दिसले. त्यातला खरा कुठला, हे कळेना. त्यानं अंदाजानं गाडी डावीकडं दाबली. ट्रक आरशाला घासल्यासारखा गेला. तात्या तेवढे हसत म्हणाले, बघा, हात बघा ह्याचा.

पुढं डिंभ्याचा उतार होता. सुभाषनं गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला आणि स्टेअरिंग धरूनच बसला.

"काय झालं रं?"

"तात्या, ती बाई खरं बोलतीया," तो म्हणाला. "मला झोप न्हाई आलेली. पण सांज झाली की मला एकाचं दोन दिसतंय."

मग हर्षालीनं पोरीला सूरजच्या मांडीवर दिलं आणि मुकाट्यानं खाली उतरली. नारायणगावात ती रोज गाडी चालवायची, घाटात कधी नाही. सुभाषनं तिला सीट पुढं सरकवून दिली आणि स्वतः मागं जाऊन सूरजशेजारी अंग चोरून बसला. गाडी पहिल्या गियरात हळूहळू उतरू लागली. प्रत्येक वळणाला सुभाषचा पाय खाली दाबला जायचा.

तात्यांनी मागं न बघताच विचारलं, "कवापासनं?"

"गणपतीपासनं."

"दिवाळीत नाशकाला गेलो व्हतो आपण. येताना अंधार पडलेला."

"व्हय."

"श्रेया व्हती गाडीत."

"व्हय, तात्या."

शिनोली गाव आलं. तिथल्या दिव्यांच्या उजेडात सुभाषला त्यांचा फक्त कान आणि गाल दिसत होता, तेही दोन-दोन. माणूस रागावलाय का घाबरलाय, यातलं काहीच कळत नव्हतं.

"उद्या सकाळी ये," तात्या म्हणाले. "गाडी काढायला नगं. हर्षाली चालवंल. मंचरला डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊ."

"आन् पुढं, तात्या?"

पुढून येणाऱ्या एसटीला जागा द्यायला तात्या हर्षालीला सांगू लागले.