डबीला बांधलेलं लिंबू

“अक्का, खाली उतरू नका म्हणतो ना! वाटेत माणूस उतरलं का ही गाडी रुसते, मंग हलायची नाही!”

गाडीवाला भाऊ घसा फाटेस्तोवर ओरडत होता आणि अक्का उतरून शिरपूरच्या दिशेनं चालायलाही लागली होती. काखेत पिशवी, डोक्यावर पदर. सोनगीर मागे पडलं होतं, नरडाणा पुढे कुठेतरी होतं आणि मधल्या उघड्या माळावर आमची जुनी पांढरी मोटार बॉनेट वासून उभी होती. ऊन असं की डांबर चपलेला धरून ठेवत होतं. मी चपला सोडून दोन पावलं पुढे गेलो होतो, हे मला तळपायांनी कळवलं.

अक्का म्हणजे माझी काकू. सासर असोद्याचं, माहेर शिरपूरचं. त्या दिवशी सकाळी निरोप आला होता की तिचा धाकटा भाऊ, नाना, संध्याकाळ काढेल न काढेल, आणि ‘अक्काले आना’ एवढंच म्हणतोय. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी जाते, पण आपल्या पायांनी नाही जात. माहेरचा माणूस, मुराळी, न्यायला यावा लागतो. एका आखाजीला विहिरीच्या पाण्यावरून बोलाचाली झाली आणि नानानं मुराळी पाठवला नाही. पुढच्या आखाजीला पाठवला, तर अक्कानं त्याला पाणी पाजून दारातूनच परत लावला. त्यानंतर मी मिसरूड फुटून बाप झालो, पण त्या दोघांत शब्द नव्हता. ही आखाजीही नुकतीच सरली होती. झाडांना झोके अजून लोंबकळत होते, रिकामे.

आता डबीबद्दल. मी तेव्हा जळगावात रेडिओ दुरुस्त करायचो. माझा दरारा असा होता की मेलेला रेडिओ मला रस्त्याच्या पलीकडे बघूनच खरखरायला लागायचा. या गाडीचा आजार जुनाच. इंजिन तापलं की ठिणगी गायब. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर करंटचा सगळा भार, तो जळून काळा पडायचा, आणि गाडीवाला भाऊ दर आठवड्याला पॉलिशपेपरनं त्याला घासत बसायचा. मी साबणाच्या डबीत एक सर्किट बांधलं. त्यातला सुपारीएवढा ट्रान्झिस्टर भार स्वतःच्या डोक्यावर घेणार आणि पॉइंटनं नुसतं हो-नाही म्हणायचं. डबी इंजिनाशेजारी बसवली आणि गाडी अशी चालली, अशी चालली, की भाऊ म्हणाला, पेट्रोल भरायचं विसरलो तरी कळत नाही.

म्हणूनच सकाळी मी छाती ठोकून सांगितलं, अक्का, दिवस मावळायच्या आत तुला शिरपूरला पोचवतो. आणि एरंडोलपासून धुळ्यापर्यंत डबीचे गुण गात आलो. अक्का खिडकीबाहेर बघत होती. पारोळ्याजवळ बांबूंनी भरलेली बैलगाडी आडवी गेली. आम्ही तिघांनी ती बघितली आणि तिघांनीही बघितली नाही असं दाखवलं. सोनगीरला इंजिनात पाणी घालायला थांबलो, तेव्हा बॉनेट उघडं ठेवून मी आणि भाऊ हापशावर गेलो. पुढे वारा पडला. आभाळ तांब्याच्या घंगाळासारखं झालं. एक टिटवी कुठूनशी आली आणि गाडीच्या बरोबरीनं ओरडत उडत राहिली, जणू तिलाही शिरपूरलाच जायचं होतं.

मग गाडी खोकली, एक आचका दिला आणि गप्प झाली.

बॉनेट उघडलं तर डबीवर लिंबू-मिरची. शनिवार होता, गाडीला नवं लिंबू बांधायचा वार. पण ते बंपरला बांधतात. हे लोखंडी तारेत ओवलेलं, डबीच्या गळ्यात घातलेलं. धक्क्यांनी तार खाली सरकली होती आणि ज्या दोन टोकांनी जन्मात एकमेकांचं तोंड बघू नये, त्यांची तिनं गळाभेट घडवली होती. ट्रान्झिस्टर खलास. वास असा येत होता की कोणी लोणचं जाळलंय.

भाऊनं गळ्याशी चिमूट धरून शपथ घेतली की त्यानं बांधलं नाही. मी लिंबू हातात घेऊन अक्काच्या मागे धावलो. ती थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, “सोनगीरले बांधं मी. तू बठ्ठा रस्ता त्या डबीनं कौतिक करी राहिंता. नजर लागाले टाईम लागस का?”

मग माझ्या हातातल्या लिंबाकडे न बघता म्हणाली, “तुम्ही गाडी नीट करा. मी चालस.”

चालून ती नाना गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पोचली असती. मी परत फिरलो. डोक्यात एकच गोष्ट होती. भाऊच्या गाडीतल्या टेपला अॅम्प्लिफायर मीच बनवून दिला होता आणि त्याच्या पोटात त्याच जातीचा ट्रान्झिस्टर होता. तो टेप म्हणजे भाऊचा प्राण. त्यातली गाणी ऐकून म्हणे तापीचा पूरही ओसरायचा थांबायचा. मी पेचकस लावला तेव्हा भाऊ तिकडे तोंड फिरवून उभा राहिला आणि विचारत राहिला, काढला का, काढला का.

डाग द्यायला, म्हणजे कथलानं टाके जोडायला, वीज कुठली? बांधावर कापसाच्या पऱ्हाटीचा ढीग होता. त्या वाळक्या काड्या पेटवल्या, पेचकसाचं टोक लाल केलं आणि जुन्या टाक्यांचं कथील वितळवून नवे टाके घातले. ज्वाळा उन्हात दिसत नव्हत्या, नुसती हवा थरथरत होती. लांबून कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, दोन माणसं रस्त्याकडेला भलतंच काही पेटवून बसलीत. भाऊलाही तेच वाटलं असावं, कारण आग विझेपर्यंत तो तिच्याकडे पाठ करूनच होता. टिटवी खांबावर बसून घाई करत होती.

गाडी दुसऱ्या झटक्याला चालू झाली. भाऊनं लिंबू उचललं, डबीपासून चांगलं लांब, बंपरला बांधलं, आणि मी बॉनेट लावलं.

अक्का पार पुढे गेली होती. एवढी पुढे, की मला अजून खात्री आहे, ती अर्धा रस्ता पळाली होती. दार उघडलं, ती बसली. पुढे तापीचा पूल ओलांडेपर्यंत तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, गुंडाळला. मी डबीचं नाव काढलं नाही. तेवढ्या वेळात मी देवांचीच नावं जास्त काढली.

गल्लीत शिरलो तेव्हा दिवे लागले होते. नानाच्या ओट्यावर माणसं बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून. भाऊनं इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवरच ठेवला. कोणी उठून आमच्याकडे आलं नाही. अक्का एकटी उतरली. माणसं सरकली, वाट झाली, ती आत गेली, आणि मी तिच्या मागे, कान रडण्याच्या आवाजासाठी तयार करून.

खाटेवर नाना होता. नुसती हाडं आणि त्यात दोन डोळे. पण डोळे दाराकडे होते आणि हलले.

“इतला उशीर कसाले कया, अक्का?”

अक्कानं पिशवी खाली ठेवली, खाटेच्या कडेवर बसली आणि त्याचा हात मांडीवर घेतला.

“गाडी बंद पडनी व्हती,” ती म्हणाली.