तिच्याविरुद्धचा अर्ज

मंदीत दुबई मरीनातल्या हॉटेलने आपला बँड बंद केला. शारजात आमच्या खाली राहणारी त्या बँडची गायिका, मूळची घानाची, नव्या ऑडिशनसाठी जिन्यात रियाज करू लागली. माझी दहावी होती. घरात चळवळीची पत्रकं वाचत वाढलेल्या मी कडक अर्ज लिहिला आणि बिल्डिंगभर फिरून सह्या घेतल्या. मालकाने तिला खोली सोडायला लावली.

बॅग घेऊन ती आमच्या दारात आली. “परीक्षा आहे एवढं सांगितलं असतंस, तर मी गप्प बसले असते, हबीबी.”



आजही रिकाम्या जिन्यात तो आवाज ऐकू येतो. सॉरी म्हणायला तिला शोधावंसं वाटतं, पण नाव ठाऊक नाही. अर्जात मी फक्त फ्लॅट नंबर लिहिला होता.